गिरडचा गोटा

दिवाळीची सुट्टी संपवून मुले शाळेत परतली की पहिल्या आठवड्यात मराठीच्या तासाला एक निबंध ठरलेला असतो : 'मी सुट्टीत पाहिलेले स्थळ'. आमच्या समुद्रपुरात ही रीत मी इमानेइतबारे पाळीत आलो आहे. गेल्या वर्षी वह्या तपासता तपासता एक गंमत माझ्या ध्यानात आली. पाहिलेल्या स्थळाचे वर्णन मुलांनी पाच-सहा ओळींत उरकले होते. 'तिथे आम्ही काय काय घेतले' याला मात्र पाने पुरली नव्हती. तेव्हा मी वर्गात सांगितले, "पोट्टेहो, उद्या येताना सहलीहून आणलेली एकेक वस्तू घेऊन या आणि तिची हकीकत सांगा."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर जत्राच भरली. शिंपल्यांचे गणपती, नाव छापलेले कप, की-चेन, कपाटाला चिकटणारे चुंबकाचे ताजमहाल, पाण्याच्या गोळ्यात बर्फ पाडणारी खेळणी. काय नव्हते ते विचारा! परंतु हकीकत सांगायची वेळ आली आणि एकेकाची गाडी अडली. "बाबांनी घेतलं." "तिथं सगळेच घेत होते." एका मुलाने मोठा सुरेख शिंपला आणला होता. आमच्या गावाचे नाव समुद्रपूर, आणि कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही! त्यामुळे शिंपल्याचे अप्रूप सर्वांनाच. मी विचारले, "कोणत्या किनाऱ्यावरचा रे हा?" तो म्हणाला, "ते मले नाही माहीत सर, मावशीनं देल्ला."

शेवटी सहावीतली एक लहानखुरी मुलगी उठली. तिच्या हातात जाड कागदावर डकवलेले एस.टी.चे तिकीट होते. तिकिटाखाली तिच्या आजोबांनी तारीख घातली होती, बसमध्ये कोण कोण होते त्यांची नावे लिहिली होती, आणि शेवटी 'येताना पाऊस' एवढेच दोन शब्द. त्या दोन शब्दांवर ती मुलगी पाच मिनिटे बोलत होती. छत्री कोणाची उलटी झाली, आजोबांनी भजी कोठे घेतली, धाकट्या भावाची चप्पल चिखलात कशी राहिली. सारा वर्ग हसत होता आणि टेबलावरचे ताजमहाल बिचारे मुके होऊन बसले होते.

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. शाळेत मुले शिकवावीत आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. परंतु त्या दिवसापासून एका प्रश्नाने मला पछाडले. घराबाहेर पडलेला माणूस येताना काहीतरी घेऊन येतो, ते का? आणि केव्हापासून? या प्रश्नाच्या मागे लागलो असता मी काशीपासून शिकागोपर्यंत भटकून आलो, आणि अखेरीस घरापासून काही कोसांवर असलेल्या गिरडच्या टेकडीपाशी येऊन थांबलो. तिथे माझे एक जुने देणे थकले होते. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे पूर्वी हौसेखातर प्रवास थोडा. प्रवास म्हणजे यात्रा. आणि यात्रा ही एकट्याची नसे. जो निघे तो साऱ्या घराच्या, किंबहुना साऱ्या आळीच्या वतीने निघे. म्हणून परतताना त्याच्या गाठोड्यात प्रत्येकाचा वाटा असावा लागे. पंढरपूरहून बुक्का, चुरमुरे आणि तुळशीची माळ, जेजुरीहून भंडारा, काशीहून गंगेचा झाळलेला गडू. बुक्का कपाळी लागे, चुरमुरे मुलांच्या ओंजळीत जात, भंडारा घरोघर पोचे. फळीवर मांडून ठेवण्यासाठी यांपैकी काहीच नव्हते. काशी करून आलेला माणूस मावंदे घाली. गडूची पूजा होई, गणगोत जेवून उठे, तीर्थ सर्वांना मिळे. एखादा गडू मात्र न उघडता देव्हाऱ्यात राही, घरातील कोणाच्या तरी शेवटच्या घटकेसाठी. जे काशीला जाऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत काशीनेच यावे, हा त्या गडूमागचा भाव. उलट दिशेनेही हीच देवघेव चाले. रामेश्वरच्या सेतूची वाळू गंगेत सोडायची आणि गंगेचे पाणी नेऊन रामेश्वराला अभिषेक करायचा. हजारो लोकांनी, बहुतेक पायी, हे ओझे आनंदाने वाहिले.

या ओझ्याची किंमत काय होती, हे पाहायचे असेल तर विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' पाहावे. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला तो दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. गाठ पडली ती बंडाशी. झाशीच्या वेढ्यात हे काका-पुतणे अडकले. लुटालूट पाहिली, स्वतःही नागवले गेले. अशा दिव्यातून वाचलेला माणूस तडक घर गाठील असे आपल्याला वाटते. पण विष्णुभटांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली, ती वरसईला आणली आणि त्या पाण्याने आईबापांना स्नान घातले. जी दक्षिणा आणायला ते गेले होते तिची कथा निराळी; परंतु आणलेले पाणी कोणासाठी होते याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. ही हकीकत भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली छापून प्रसिद्ध केली, म्हणून आपल्या हाती लागली.

जत्रेतून आणायची आणखी एक वस्तू असे, आणि ती चोराला नेता येत नसे. ती म्हणजे गोंदण. गोंदणारीण जत्रेत येऊन बसे, आणि आयाबाया हातावर तुळस, कपाळावर ठिपका, क्वचित भावाचे किंवा नवऱ्याचे नाव गोंदवून घेत. सोने-नाणे येथेच राहते, बरोबर येते ते गोंदण, असे आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणत. ज्यांना गोंदणाची सुई नको असे त्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव घालून घेत. आजही आपल्या स्वयंपाकघरातील एखादा जुना डबा उलटा करून पाहावा; पणजीचे नाव आणि गावाचे नाव टिंबाटिंबांच्या अक्षरांत भेटल्याशिवाय राहत नाही.

ही काही केवळ आपलीच चाल नव्हे. इंग्लंडात कँटरबरीचा धर्मगुरू थॉमस बेकेट याचा ११७० साली प्रार्थनामंदिरातच खून झाला, आणि त्याच्या थडग्याच्या दर्शनाला यात्रेकरूंची रीघ लागली. परतताना हे लोक शिसे-कथलाच्या चिमुकल्या कुप्यांतून तेथील पाणी घरी नेत. आपला गंगेचा गडू आणि ही कुपी ही सख्खी भावंडेच म्हणावीत. स्पेनमधील सांतियागो येथे जाऊन आलेला यात्रेकरू टोपीला किंवा झोळीला शिंपला लावी. शिंपला दिसला की लोकांनी ओळखावे, हा लांबचा पल्ला मारून आला आहे. हजहून येणारे आमच्या गावचे मुसलमान शेजारी झमझमचे पाणी आणि खजूर आणतात, आणि त्यातला वाटा आमच्याही घरी येतो. धर्म निराळे, देश निराळे, पण गाठोडे मात्र एकाच घरात बांधल्यासारखे!

मग या गाठोड्याचे दुकान केव्हा झाले? त्याचा इतिहास मागच्या दीड-दोन शतकांचा आहे. आगगाड्या आणि आगबोटी आल्या, आणि देवाच्या जत्रेशेजारी यंत्रांच्या व मालाच्या जत्रा भरू लागल्या. पॅरिसच्या १८८९ सालच्या प्रदर्शनासाठी आयफेलचा मनोरा उभा राहिला, आणि त्याच्या लहान लहान प्रतिकृती लोकांनी घरोघर नेल्या. शिकागो येथे १८९३ साली मोठे प्रदर्शन भरले. ज्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण गाजले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. तिथेच फेरिस नावाच्या इंजिनीयराने २६४ फूट उंचीचे प्रचंड चक्र उभारले. आपल्या जत्रेतला पाळणा तो हाच, फक्त राक्षसी आकाराचा. आणि तिथेच एक नवी युक्ती निघाली. आपल्या खिशातले तांब्याचे नाणे यंत्राच्या रुळांखाली घालायचे. ते लांबट चपटे होऊन, अंगावर प्रदर्शनाचे नाव उमटून बाहेर पडायचे. व्यवहारातून ते नाणे बाद झाले, पण घरी नेण्याजोगे झाले! आपल्याकडे मुंबईत १८९४ साली राजा रविवर्मांचा छापखाना सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मुंबईला गेलेल्याने लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर आणावी असा तो काळ.

पुढे १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये वॉल्ट डिस्ने याने डिस्नेलँड उघडले. येथे देव नाही आणि यंत्रांचे प्रदर्शनही नाही. साऱ्या कुटुंबाने मिळून एक दिवस गोष्टीच्या देशात घालवावा म्हणून बांधलेले हे गाव. उंदराचे काळे कान लावलेली टोपी तेथली मोठी प्रसिद्ध. तिच्यावर मागच्या बाजूला मुलाचे नाव शिवून देण्याची सोय. पणजीच्या डब्यावरची टिंबाटिंबांची अक्षरे आणि ही शिवलेली अक्षरे, दोन्हीं मागची हौस एकच. आपल्या देशात दिल्लीला १९८४ साली 'अप्पू घर' निघाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बोधचिन्हातला छोटा हत्ती त्याच्या नावात आला. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली 'एस्सेल वर्ल्ड' सुरू झाले आणि खोपोलीजवळ २०१३ साली 'इमॅजिका'. विदर्भातल्या आमच्यासारख्यांच्या कानी ही नावे वर्तमानपत्रांतून आणि सुट्टीला आलेल्या मुंबईकर पाहुण्यांकडून पडत.

१९९२ च्या उन्हाळ्यात आम्ही मुंबईला गेलो. मी बारा वर्षांचा होतो. आईबाबा, आत्या आणि आम्ही तिघे भावंडे. सेवाग्राम एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास, मग मुंबईची लोकल, मग खाडीतून बोट. समुद्रपूरच्या पोरांनी समुद्र पाहिला तो असा. बोटीतच माझी धाकटी बहीण घाबरून रडली आणि पाळण्यात बसल्यावर मी. दिवस फार मजेत गेला. संध्याकाळी बाबांनी आम्हा तिघांना तीन कप घेऊन दिले, आईला एक पर्स आणि आत्याला बांगड्या. बाबांनी स्वतःसाठी काही घेतले नाही. बापांची ती जुनी खोड आहे.

आजी घरीच होती. गोठ्यात गाय होती, दाराला कुलूप लावून सगळ्यांनी जायचे नसते. आम्ही परतलो तेव्हा ती ओसरीवर बसली होती. आमची बडबड तिने ऐकून घेतली, कप हातात घेऊन पाहिले, आणि मग अगदी सहज विचारले, "आन् माह्यासाठी काय आणलं रे बाबू?"

कोणीच काही बोलले नाही. आणले नव्हते, हेच उत्तर होते. आईने घाईघाईने नाश्त्यातल्या उरलेल्या चिक्कीचा पुडा पुढे केला. आजी हसली. तिला दात नव्हते.

त्या रात्री तिने आपली पत्र्याची पेटी उघडून मला एक वस्तू दाखवली. सुपारीपेक्षा थोडा मोठा, मळकट पांढऱ्या रंगाचा, गुळगुळीत गोल दगड. "हा गिरडचा गोटा," ती म्हणाली. "आमी बंडीनं गेलो होतो. मी तुह्यापेक्षा लहान होती."

येथे वाचकांना गिरडची ओळख करून द्यायला हवी. समुद्रपूर तालुक्यात, उमरेडच्या वाटेवर, गिरड हे गाव आहे. इंग्रजांच्या अमदानीत हा सारा मुलूख हिंगणघाट तहसिलीत मोडत असे. गावाजवळच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि तिथे मुसलमानांच्या बरोबरीने हिंदूही नवस बोलायला व फेडायला जातात. टेकडीवर आणि आसपास गोल, लांबट दगड सापडतात. कोणाला त्यांत सुपारी दिसते, कोणाला जायफळ, तर मोठ्या दगडात नारळ. त्यांची कथा १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. दोन फिरते व्यापारी नारळ आणि इतर माल घेऊन या वाटेने चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला. व्यापारी पायांवर लोळण घेऊ लागले. फकिराला दया आली. त्याने वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. तो चमत्कार पाहून दोघेही व्यापार विसरले आणि मरेपर्यंत फकिराच्या सेवेत राहिले. त्यांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दोन कबरी टेकडीवर होत्या, असेही गॅझेटियर सांगते.

बाबा फरीद गंजशकर हे तेराव्या शतकातले थोर सूफी. त्यांची समाधी आज पाकिस्तानात असलेल्या पाकपट्टण येथे आहे, आणि त्यांच्या नावावरची वचने शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. या बाबांनी गिरडला तपश्चर्या केली अशी आमच्या भागातली श्रद्धा. 'गंजशकर' म्हणजे साखरेचे भांडार, आणि त्या नावामागेही एका व्यापाऱ्याचीच कथा सांगतात. गोण्यांत साखर असून तो 'मीठ आहे' असे खोटे बोलला, तर साखरेचे मीठ झाले. क्षमा मागितली, तर मिठाची साखर झाली. पंजाबची साखर आणि विदर्भाचे नारळ! कथाही यात्रेकरूंच्या गाठोड्यातून प्रवास करतात, आणि ज्या गावी मुक्काम करतात तिथला माल अंगावर घेतात, एवढे यावरून दिसते.

आजी मला ही कथा आपल्या बोलीत सांगत होती. गोण्या, बैल, फकिराची झोळी, सारे तिच्या डोळ्यांपुढे होते. "मग माह्या बाबांनी हा गोटा उचलून माह्या हातात देल्ला. दादा संगं होता, तो म्हणे..." एवढ्यात मला झोप आली असावी. पुढचे ऐकल्याचे मला आठवत नाही.

दोन वर्षांनी, मी नववीत असताना, शाळेत विज्ञानाचे प्रदर्शन भरले. 'दंतकथा आणि सत्य' असा तक्ता मी करायला घेतला आणि आजीचा गोटा मागितला. सरांनी मला त्याचे शास्त्र समजावून सांगितले होते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट वगैरे खनिजे साठवली. सभोवतालचा खडक झिजून माती झाला आणि हे गोटे मोकळे झाले. झिओलाइट म्हणजे 'उकळणारा दगड'. तापवला की त्यातले पाणी वाफ होऊन उसळते, म्हणून क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिले. हे सगळे मी आजीपुढे घडाघडा म्हणून दाखवले आणि वर ऐकवले, "तो फकीर-बिकीर सगळं खोटं आहे आजी."

ती पुन्हा सांगू लागली, "अरे, पण दादा म्हणे..." मी म्हटले, "दादाले काय माहीत?"

ती गप्प झाली. गोटा मात्र तिने दिला. प्रदर्शन झाले, तक्त्याला बक्षीसही मिळाले. संध्याकाळी टेबले आवरण्याच्या गडबडीत गोटा कोठे गेला तो गेला. सांभाळायची जबाबदारी माझी होती. मी बक्षिसाच्या नादात होतो. घरी येऊन सांगितले तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "जाऊ दे बाबू. गिरडले गेला त दुसरा आणजो." गिरड ते किती दूर! सकाळी गेलेला माणूस दुपारी परत येईल. पण मी आज जातो, उद्या जातो म्हणत राहिलो. २००४ साली आजी गेली तोवर मला ती सकाळ सापडली नव्हती.

तेराव्याला घरात मंडळी जमली असता आत्याने सहज त्या गोट्याची आठवण काढली, आणि दादाने काय म्हटले होते ते मला प्रथमच कळले. आजीचा तो थोरला भाऊ वर्षभर आजारी होता. त्याला बरे वाटले म्हणून नवस फेडायला ते सगळे बंडीने गिरडला गेले होते. टेकडी चढताना आजीचे पाय दुखू लागले तेव्हा दादाने तिला पाठीवर घेतले. तिच्या मुठीत गोटा होता. तो म्हणाला, "पक्का धर. हा हरवला त मी पुन्हा बिमार पडीन." लहान बहिणीची केलेली ती थट्टा. पुढच्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि दादा गेला. त्याची तसबीर नव्हती, कपडा नव्हता. तो होता याची आजीजवळ असलेली वस्तू म्हणजे तो गोटा. तोही तिने माझ्या तक्त्यासाठी दिला. आणि त्याची गोष्ट तिने दोनदा सांगू पाहिली. एकदा मी झोपलो आणि एकदा मी शहाणपणा केला.

झिओलाइटविषयी मी तिला सांगितले त्यात काही चूक नव्हते. आजही वर्गात मी तेच शिकवतो. परंतु पुढे भूगर्भशास्त्राचे एक पुस्तक चाळताना मला कळले की लाव्ह्याच्या पोकळीत तयार झालेल्या अशा गोट्याला शास्त्रज्ञ 'अमिग्डेल' म्हणतात, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे बदाम! म्हणजे गोट्यात नारळ-सुपारी पाहणारे गिरडचे लोक आणि त्यात बदाम पाहणारे युरोपातले पंडित यांच्यात अंतर असे किती? हे मला सोळाव्या वर्षी कळते तर मी आजीला जाऊन सांगितले असते. ती नक्की म्हणाली असती, "पाय बरं! त्यायलेही दिसलंच ना!"

आमच्या वर्धा जिल्ह्यात आणखी एक घर आहे, तेथे मी मुलांना दरवर्षी नेतो. १९३६ साली गांधीजी शेगावला येऊन राहिले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्या कुटीत वस्तू हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. त्यांतही तीन माकडांची ती चिमुकली मूर्ती आहे. परदेशी पाहुण्यांची ती भेट. ज्याने घड्याळ आणि चष्म्यापलीकडे फारसा संसार केला नाही त्या माणसानेही कोणीतरी दूरवरून आणलेली एक वस्तू जवळ ठेवली, हे मुलांना मी मुद्दाम दाखवतो.

या दिवाळीतही अनेक कुटुंबे बाहेर पडतील. कोणी समुद्रावर, कोणी डोंगरावर, कोणी पाळण्यांच्या आणि घसरगुंड्यांच्या नव्या गावी. त्यांनी काही विकत घेऊ नये असे मी कशाला म्हणू? माझा कप मी अजून वापरतो. फक्त एक-दोन गोष्टी माझ्या चुकीतून शिकलो त्या सांगतो. जी वस्तू घ्याल तिच्यावर नाही तर तिच्याबरोबर एका चिठ्ठीवर तारीख घाला आणि कोण कोण होते ते लिहा. मोबाइलमध्ये हजार छायाचित्रे निघतात, पण त्यांवर नावे लिहायची राहून जातात. मुलांना दुकानात सोडण्याआधी विचारा, आज तुम्हाला सर्वांत जास्त मजा कशाची वाटली? मग त्याचीच काहीतरी खूण शोधायला सांगा. ती पुष्कळदा फुकट मिळते. घरी राहिलेल्या माणसासाठी काय न्यायचे ते निघण्याआधीच ठरवा, परतताना गाडी पकडण्याच्या घाईत नव्हे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने पेटी उघडून एखादी वस्तू दाखवली तर आधी तिची गोष्ट शेवटपर्यंत ऐका. तिचे शास्त्र मागाहून सांगता येते.

गेल्या हिवाळ्यात मी गिरडला गेलो. धाकटी मुलगी बरोबर होती. पायऱ्या चढून आम्ही वर गेलो, दर्ग्यावर फूल वाहिले, आणि उतरून आल्यावर पायथ्याच्या शेताच्या बांधालगत पाहत पाहत हिंडलो. बऱ्याच वेळाने तिला एक गोटा सापडला, सुपारीएवढा. "बाबा, ह्याची गोष्ट काय?" तिने विचारले. आम्ही बांधावर बसलो आणि मी तिला सगळी सांगितली. व्यापारी, फकीर, लाव्हा, बुडबुडे, दादा, पाठीवरची मुलगी आणि माझा तक्ता. काहीही गाळले नाही. ऐकून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "मग तुम्ही पणजीले सॉरी म्हटलं होतं?" मी म्हटले, नाही.

घरी आल्यावर तिने वहीतला कागद फाडून चिठ्ठी केली. वर तारीख, खाली 'मी आणि बाबा', त्याखाली 'ऊन होते'. गोटा आणि चिठ्ठी तिने आजीच्या त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवली. रात्री ती झोपल्यावर मी पेटी उघडली आणि त्या दोन नावांखाली आणखी दोन नावे लिहिली. एक आजीचे. दुसरे दादाचे लिहायचे होते. पण त्याचे खरे नाव काय होते ते सांगणारे आता कोणी उरलेले नाही. म्हणून नुसते 'दादा' लिहिले.